बाथरूमच्या भिंतीवर टाइल्सचे सांधे जुळत नाहीत? स्पेसरला दोष देण्याआधी हे तपासा

कमोडवर बसलेल्या माणसाला समोरच्या भिंतीशिवाय बघायला दुसरं काही नसतं. त्यामुळे डॅडोच्या, म्हणजे भिंतीवरच्या टाइल्सच्या, तक्रारी वास्तुशांतीच्या दिवशी कधीच येत नाहीत. घर राहतं झालं की पंधरा दिवसांनी फोन येतो. "मिस्त्री, जरा येऊन कोपरा बघा. ह्या भिंतीची रेघ त्या भिंतीच्या रेघंला गाठ पडंना."

मी सांगली-मिरजेत आणि आसपासच्या गावांत अठरा वर्षं टाइल्स लावतोय. यातली बरीच कामं दुसऱ्याचं बिघडलेलं उकलून परत करायची होती, आणि त्यातली दोन माझीच होती. तक्रार सांगायची तऱ्हा घरागणिक वेगळी, पण प्रश्न शेवटी एकच येतो: स्पेसर, म्हणजे दोन टाइल्सच्या मधे ठेवायचा प्लास्टिकचा तुकडा, दोन एमएमचा घ्यायला हवा होता की तीनचा?

कधी कधी खरंच स्पेसर चुकलेला असतो. पण बहुतेक वेळा जे काम स्पेसरचं नाही तेच त्याच्याकडून करून घ्यायला गेलेले असतात. दोन टाइल्समधलं अंतर राखणं एवढंच त्याचं काम. तो वाकडी भिंत सरळ करत नाही, लहान-मोठी टाइल सारखी करत नाही आणि घसरणारी टाइल धरूनही ठेवत नाही. आणि तो किती एमएमचा हवा हे आवडीनं ठरत नाही. तुमच्या पेट्यांतल्या टाइल्स एकमेकींपेक्षा किती कमी-जास्त आहेत, त्यावर ते ठरतं. दुकानात काउंटरवर उभं राहून "दोनचा द्या, बारीक रेघ छान दिसते" असं म्हणणाऱ्यांच्या घरी मी नंतर गेलोय.

आधी लक्षण ओळखा

"सांधे खराब आलेत" यावरून काहीच कळत नाही. कुठले सांधे आणि कसे खराब, हे नीट सांगता आलं तर निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

कोपऱ्यात खालच्या रांगेला दोन्ही भिंतींच्या आडव्या रेघा जुळतात, पण वर जाईल तसा फरक वाढत जातो, आणि सातव्या रांगेला अर्ध्या बोटाचा होतो. म्हणजे प्रत्येक रांगेत तेवढीच चूक जमा होतेय. एका भिंतीला एक स्पेसर आणि दुसरीला दुसरा लागलाय, किंवा दोन भिंतींना वेगळ्या मापाच्या पेट्या गेल्यात.

एका कोपऱ्यात सगळं जुळतं, पण दुसऱ्या कोपऱ्यात खालपासून वरपर्यंत सगळ्या रांगा सारख्याच अंतरानं चुकतात. इथं स्पेसरचा दोष नाही. सुरुवातीची रेघच पाणसळीत, म्हणजे आडव्या समपातळीत, नव्हती.

उभे सांधे एकसारखे आहेत, पण आडवे कुठं दबलेले, कुठं सुटे. टाइल ओल्या मालावर, म्हणजे मागच्या सिमेंटवर, खाली घसरलीय.

उभे-आडवे दोन्ही कसेही. एक दीड एमएमचा, शेजारचा अडीचचा. चार टाइल्स भेटतात त्या चौकात फुली सरळ पडत नाही, एक पाय पुढं आणि एक मागं. टाइल्सच लहान-मोठ्या आहेत, आणि त्या फरकाला स्पेसर अपुरा पडलाय.

सांधे चांगले, पण कोपऱ्याचा कापलेला तुकडा वर चार इंच आणि खाली साडेतीन. भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नाही.

रेघा सरळ आहेत, पण वर्षाच्या आत ग्राउट, म्हणजे सांध्यात भरलेला मसाला, भुरभुरतं, बरोबर चौकावर बारीक भोकं दिसतात. हे सांध्याच्या रुंदीशी आणि आत राहिलेल्या स्पेसरशी निगडित आहे. आणि सांधा काळा पडतोय किंवा त्यातून पांढरी पूड येतेय, तर ते पाण्याचं दुखणं आहे. त्याकडे शेवटी येतो.

फुकटातली तपासणी: एटीएम कार्ड

ग्राउट अजून भरलेलं नसेल तर खिशातली कार्डं काढा. बँकेच्या कार्डाची जाडी ठरलेली असते, ०.७६ एमएम. दोन कार्डं म्हणजे दीड एमएम, तीन म्हणजे सव्वादोनच्या किंचित वर, चार म्हणजे तीन. दोनच्या सांध्यात दोन कार्डं सहज जातात, तिसरं जात नाही. तीनच्या सांध्यात तीन आरामात जातात, चौथं घासत जातं किंवा अडतं. जुन्या कार्डावर उठावाची अक्षरं असतील तर ती नसलेली कड वापरा. खालच्या, मधल्या आणि वरच्या रांगेत असं पाच-सहा ठिकाणी बघा. मिस्त्री काम करत असतानाच हे केलं तर सगळ्यांत बरं, कारण तोवर माल ओला असतो आणि टाइल काढून परत लावता येते.

ग्राउट भरून झालं असेल तर टेप घ्या. खालून पहिल्या टाइलच्या खालच्या कडेपासून सहाव्या टाइलच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. यात पाच टाइल्स आणि पाच सांधे येतात. ३०० एमएमची रांग आणि २ चा स्पेसर असेल तर १५१० यायला हवं, ३ चा असेल तर १५१५. हेच माप शेजारच्या भिंतीवर घ्या.

मिरजेतल्या एका बंगल्यात मला असंच एका भिंतीवर १५१० आणि दुसरीवर १५१५ मिळालं होतं. मालक म्हणत होते टाइल्स डुप्लिकेट आहेत, दुकानदार म्हणत होता गवंडी नवखा आहे. झालं होतं एवढंच की पहिल्या दिवशी दोनचं पाकीट संपलं आणि दुसऱ्या दिवशी पोरगं तीनचं घेऊन आलं. रंग दोन्हींचा पांढराच. हातात धरून सांगता येत नाही कुठला कुठला. सांध्याला एक एमएम, सात रांगांतल्या सहा सांध्यांना सहा एमएम, आणि पाचव्या रांगेतली निळ्या फुलांची हायलायटर पट्टी बरोबर कोपऱ्यात मोडलेली. तेव्हापासून मी पाकीट फोडलं की त्यातले दोन स्पेसर त्याच पाकिटावर चिकटपट्टीनं लावून ठेवतो, आणि नवं पाकीट आलं की आधी त्याच्याशी ताडून बघतो.

पेटीवर काय छापलंय

इथं येणाऱ्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीच्या असतात, आणि पेटीवर ब्रँडच्या नावाखेरीज उपयोगाचं बरंच असतं: शेड नंबर, बॅच नंबर, आणि नाव-माप व प्रत्यक्ष माप. बाथरूमच्या सगळ्या पेट्यांवर शेड आणि बॅच एकच आहे का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. दोन पेट्या कमी पडल्या म्हणून महिन्याभरानं आणल्या, तर त्या दुसऱ्या बॅचच्या असण्याची शक्यता भरपूर. रंगातला फरक मालकिणीला लगेच दिसतो, मापातला कोणालाच दिसत नाही, भिंतीवर गेल्यावर दिसतो. म्हणून लागणीपेक्षा दहा टक्के जास्त एकदमच घ्या.

आणि एक घोळ इंचांचा. दुकानदार "बारा बाय चोवीस" म्हणतो, आपण फुटांत हिशोब करतो. बारा इंच म्हणजे ३०४.८ एमएम, आणि टाइल असते ३०० ची. सात रांगांत हाच फरक ३३ एमएमच्या वर जातो. "सात फुटाला सात टाइल्स" हा हिशोब म्हणून कधीच बसत नाही, आणि मग कोणीतरी सांधे रुंद करून तो बसवायला बघतो.

दहा टाइल्स ओट्यावर उभ्या करा

स्पेसर किती एमएमचा, याचं खरं उत्तर इथं मिळतं. टाइल्स यायच्या दिवशी हे केलं तर पुढची सगळी कटकट वाचते.

टाइल भट्टीत भाजताना माती आकसते, आणि सगळ्या टाइल्स तंतोतंत सारख्या आकसत नाहीत. भाजून झाल्यावर चारही कडा घासून मापात आणलेल्या टाइलला रेक्टिफाइड म्हणतात. तिची कड सरळ, काटकोनात आणि हाताला धारदार लागते. न घासलेल्या साध्या सिरॅमिकची कड किंचित गोलसर असते आणि मापात फरक जास्त.

वेगवेगळ्या पेट्यांतल्या दहा टाइल्स घ्या, किमान चार पेट्यांतल्या. ग्रॅनाइटचा ओटा किंवा जाड काच असं सपाट काही शोधा. टाइल्स एकमेकींना चिकटवून एकाच कडेवर उभ्या करा आणि वरच्या कडेवरून नख फिरवा. जिथं नख अडतं तिथं पायरी आहे. त्या पायरीशेजारी एटीएम कार्ड आडवं ठेवून बघा. पायरी कार्डापेक्षा कमी, तर पाऊण एमएमच्या आत. कार्डाएवढी, तर पाऊण. त्याहून मोठी, तर काळजीचं. आता टाइल्स फिरवून दुसरी बाजूही तशीच बघा. व्हर्निअर कॅलिपर असेल तर आकडाच काढा. माझ्याकडं आहे, पण अर्ध्या कामांत मी नखानंच बघतो.

सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत लहान टाइल यातला फरक घ्या आणि त्याला तिनानं गुणा. सांधा निदान तेवढा हवा. अमेरिकेच्या एएनएसआय ए१०८.०२ या मानकात हाच नियम दिलाय, आणि वर अशीही अट आहे की काहीही झालं तरी सांधा एका इंचाच्या सोळाव्या भागापेक्षा कमी नको. आपल्या भाषेत अर्धा सूत, म्हणजे दीड एमएमच्या थोडं वर. जुने मिस्त्री "एक सूत सोड" म्हणायचे, म्हणजे तीन एमएमच्या जरा वर. त्यांनी कुठलं मानक वाचलं नव्हतं, पण त्यांच्या काळातल्या टाइल्स इतक्या कमी-जास्त असायच्या की एक सुताशिवाय गत नव्हती.

तिप्पट का? एक एमएमनं लहान टाइल मोठीशेजारी बसली की तिच्या भोवतीचा सांधा तेवढाच रुंदावतो. दोनचा सांधा तीनचा झाला तर तो दीडपट दिसतो आणि डोळा तिथं अडकतो. तीनचा चारचा झाला तर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चूक तेवढीच राहते, रुंद रेघेत ती मुरते.

माझ्या हिशोबात हे असं बसतं. फरक अर्ध्या एमएमपर्यंत, टाइल रेक्टिफाइड: २ चा स्पेसर. दीडचा चालतो, पण ग्राउट नीट आत जावं म्हणून मी दोनच घेतो. फरक पाऊण ते एक एमएम, साधी सिरॅमिक: ३ चा, कितीही गोड बोलून दोनचा मागितला तरी. एकाहून जास्त फरक असेल तर टाइल्स परत करा. परत होत नसतील तर मोठ्या आणि लहान अशा दोन ढिगाऱ्यांत लावून एका भिंतीला एकच ढीग वापरा. 

मग तीनच्या वर जाऊन पाचचा का नको? भिंतीवर रुंद सांधा म्हणजे जास्त ग्राउट, आणि सिमेंटचं ग्राउट म्हणजे पाणी आणि मळ धरून ठेवणारी जागा. आपल्याकडं बोअरच्या पाण्यात क्षार इतका की दोन महिन्यांत नळाच्या तोटीवर पांढरं कवच चढतं. तेच सांध्यांवर चढतं. शिवाय तीनपर्यंत वाळूविरहित ग्राउट चालतं, त्याच्या वर वाळूचं लागतं, आणि ते चकचकीत टाइलवर घासताना ओरखडे पाडू शकतं.

पेपर जॉइंट, म्हणजे टाइलला टाइल टेकवून वरून पांढरं सिमेंट फासणं, हे मी आता कोणी पैसे जास्त दिले तरी करत नाही. सुरुवातीच्या दिवसांत मेव्हण्याच्या घरी तासगावात केलं होतं. भिंत पश्चिमेची. बाहेरून दिवसभर ऊन, आतून गार पाणी. टाइलला हलायला जागाच नव्हती. तिसऱ्या उन्हाळ्यात कडांवरची चकाकी नखाएवढ्या कपच्यांनी उडायला लागली आणि दोन टाइल्स मधून फुगून आल्या. अजूनही दिवाळीला गेलो की ती भिंत मला दाखवली जाते.

टाइल लांब असेल, ३००×६०० किंवा त्याहून मोठी, तर दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा आणि मधे फट दिसते का बघा. लांब टाइल मधे किंचित फुगीर असते. अशा टाइल्स विटेच्या धर्तीवर अर्ध्यावर सरकवून लावल्या की एकीचा फुगीर भाग दुसरीच्या बसक्या टोकाशेजारी येतो आणि कड हाताला लागते. लोक त्याला सांध्याचा दोष समजतात. तिथं अर्ध्याऐवजी एक तृतीयांश सरकवा.

स्पेसर कसा लावला

हा भाग मिस्त्रीला विचारण्याचा आहे, आणि विचारायला लाजू नका.

आगपेटीच्या काड्या, पेटीचा पुठ्ठा, दात कोरायच्या काड्या, खिळे, हे सगळं मी सांध्यांतून काढलंय. ओला पुठ्ठा दबतो, काडी फुगते. शंभर स्पेसरच्या पाकिटाला चहा-वड्याएवढे पैसे पडतात, तिथं काटकसर नको.

फुलीचा स्पेसर चौकात आडवा दाबून बसवला आणि तसाच आत ठेवला तर त्याच्यावर ग्राउटचा पातळ थरच बसतो. वर्षभरात तो उडतो आणि प्लास्टिक डोकावतं. चौकावरची बारीक भोकं ही तीच. एक पाय बाहेर राहील असा उभा लावा, आणि माल धरला की ग्राउटच्या आधी काढून घ्या. त्या काढलेल्या स्पेसरना मालाचा लगदा चिकटलेला असतो. तेच पुसल्याशिवाय पुढच्या भिंतीला वापरले की दोनचे अडीच होतात.

लेव्हल क्लिपा (शेजारच्या टाइल्स एका पातळीत ओढून धरणाऱ्या) वापरत असाल तर क्लिपेच्या पट्टीची जाडी हाच तुमचा सांधा. एकची क्लिप आणि तीनचा स्पेसर एकत्र लावलेले मी बघितलेत. क्लिपेपाशी टाइल घट्ट ओढली गेली होती आणि बाकी ठिकाणी मोकळी.

घसरण्याचं कारण वेगळं. ६००×१२०० ची टाइल चौदा-पंधरा किलोची असते. तिच्याखाली दोन बारकी प्लास्टिकची बोटं आणि मागं जास्त पाण्याचा माल, मग ती खाली येणारच. तिथं मोठा स्पेसर घालून काही होत नाही. माल घट्ट करा, खाली पाचर मारा, आणि एका दमात भिंत संपवायला जाऊ नका. मी तीन-चार रांगांवर थांबतो, दुसऱ्या भिंतीकडं जातो, मग परत येतो. चिकटवायचं केमिकल घेत असाल तर पोत्यावर आयएस १५४७७ हे भारतीय मानक आणि त्याचा प्रकार बघा. प्रकार १ ते ५ असतात, आणि तुमच्या टाइलला कुठला ते पोत्यावरच लिहिलेलं असतं. सिमेंटच्या मालावर सिरॅमिक लावायची तर ती आधी बादलीत भिजवा, बुडबुडे थांबेपर्यंत. केमिकलवर लावायची तर भिजवू नका.

काठीवरचा हिशोब

एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्या आणि तिच्यावर टाइल-सांधा-टाइल-सांधा अशा खुणा करा. ही काठी भिंतीला लावून बघितलं की कुठं तुकडा येणार ते एकही टाइल न लावता दिसतं.

आठ फुटांची भिंत म्हणजे २४३८ एमएम. ६०० च्या चार टाइल्स आणि तीन सांधे २ चे मिळून २४०६ होतात. उरले ३२. डाव्या कोपऱ्यापासून सरळ सुरू केलं तर उजव्या कोपऱ्यात सव्वा इंचाची चिंधी कापावी लागेल, कापताना निम्म्या तुटतील. इथं लोक म्हणतात, "सांधे जरा वाढवा, बसेल." ३२ एमएम तीन सांध्यांत वाटले तर सांधा साडेबाराच्या वर जातो. त्यापेक्षा मधे तीन पूर्ण टाइल्स आणि दोन्ही टोकांना ३१५ चे तुकडे. तीन गुणिले सहाशे, चार सांधे, उरलेल्याचे दोन भाग. भिंत दोन्हीकडून सारखी दिसते आणि स्पेसर दोनचाच राहतो. उंचीचाही हिशोब असाच: ३०० च्या सात रांगा, सहा सांधे, २११२. सात फूट म्हणजे २१३४. वरची २२ एमएमची पट्टी सांध्यांत लपवू नका. डॅडोची उंचीच २११२ ठेवा, नाहीतर तळाची रांग कापून घ्या.

तळाची रांग जमिनीवर टेकवून सुरू करणं ही दुसरी मोठी चूक. बाथरूमच्या फरशीला पाणी जायच्या जाळीकडं उतार असतो. शंभराला एक असा उतार धरला तरी आठ फुटांत २४ एमएम पडतात. पहिली रांग उतारावर बसवली की वरच्या सगळ्या रांगा त्याच उतारानं जातात, आणि कोणीतरी ते स्पेसर कमी-जास्त करून सावरायला बघतो. दुसऱ्या रांगेच्या तळाशी चारही भिंतींवर ट्यूब लेव्हलनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) एकच रेघ मारा, तिथं पट्टी ठोका, त्यावरून सुरू करा. तळाची रांग शेवटी, उताराप्रमाणं कापून.

ओळंबा आणि गुण्या

कोपऱ्यात ओळंबा सोडा. सात फुटांत तीन-चार एमएम असेल तर टाइलच्या मालात निघून जातं. दहा-बारा असेल तर गिलावा परत करावा लागतो, त्याला इलाज नाही. काटकोन तीन-चार-पाचनं बघा: एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार, तिरकं बरोबर पाच आलं पाहिजे. कोपऱ्यात दोन भिंती भेटतात तिथं ग्राउट नको, तीन एमएमची फट ठेवून सिलिकॉन भरा. भिंती हलतात, सिमेंट हलत नाही, आणि कोपऱ्यातली उभी भेग त्यातूनच येते.

ग्राउट

पांढरं सिमेंट म्हणजे ग्राउट नाही. ते वाळताना आकसतं आणि सांध्याच्या एका बाजूनं सुटतं. तयार ग्राउट घ्या, पाणी पोत्यावर लिहिलंय तेवढंच. सैल केलेलं ग्राउट भरायला सोपं जातं आणि भुरभुरायलाही. भरण्याआधी सांधा टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोल मोकळा हवा. मालाची बोंडं वर आलेली असतील तर त्यांच्यावर ग्राउट टिकत नाही. साफ करताना ॲसिड वापरू नका, ते सिमेंटचं ग्राउट खातं. पूर्ण काम आटोपून झाल्यावर "एकदा ॲसिड मारतो, चकाचक होईल" म्हणणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा.

जुनं ग्राउट खराब असेल आणि टाइल्स घट्ट असतील, तर हातानं सांधा खरवडून नवं भरणं घरी जमतं. दोनच्या आतल्या सांध्यात खरवणी शिरत नाही, तिथं ग्राइंडर लावायचा मोह होतो. घरच्या माणसानं तो लावू नये. हात एकदा हलला की दोन टाइल्सच्या कडा जातात.

टिचकी

शेवटी नाण्यानं टाइल्स वाजवा. भरीव आवाज म्हणजे मागं माल आहे, पोकळ म्हणजे नाही. ओल्या जागेत टाइलच्या मागं ९५ टक्के तरी माल पोचलेला हवा. पाच गोळे मारून चिकटवलेली टाइल पाच ठिकाणीच धरते, आणि पोकळीत पाणी साठलं की सांध्यातून पांढरा क्षार येतो. कोपऱ्यात थोडा पोकळ आवाज आला म्हणून लगेच तोडू नका. सलग चार-पाच टाइल्स बद्द वाजल्या तर मात्र त्या कधीतरी येणारच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत ज्या घरांत पुराचं पाणी शिरलं होतं, तिथं काहींनी दिवाळीच्या आत बाथरूम नवं करून घेतलं. वरून गिलावा कोरडा दिसत होता, विटा आतून ओल्या होत्या. तिथल्या टाइल्सचे सांधे तीनचे होते, ग्राउट चांगलं होतं, तरी पुढच्या पावसाळ्याआधी रांगाच्या रांगा सुटल्या. अशा भिंतीला थांबणं एवढाच उपाय असतो, आणि तोच कोणाला नको असतो.

इथं हात थांबवा

टाइल किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर सांध्यांचं सगळं बाजूला ठेवा. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. गिझरच्या मागची ओली भिंत हे त्याचं नेहमीचं ठिकाण.

भेग सांध्यातून न जाता तिरकी चार-पाच टाइल्स चिरत गेली असेल तर टाइलवाल्याचं काम संपलं. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया वर-खाली झाला की भिंत चिरते, आणि तिच्यावर कितीही भारी टाइल लावली तरी ती चिरणारच. कोयना-पाटणकडच्या घरांत जुन्या हादऱ्यांच्या चिराही असतात. दोन्ही बाबतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

खालच्या मजल्याच्या छताला ओल येत असेल, किंवा नळ बंद असताना मीटर फिरत असेल, तर प्लंबर. भिंतीत दडवलेली पाइपलाइन कुठून गेलीय याचा फोटो तुमच्याकडं नसेल तर प्लंबर येईपर्यंत छिन्नीही लावू नका.

टाइल फुगून पुढं आली असेल आणि ती डोक्याच्या उंचीवर असेल तर त्या भिंतीखाली अंघोळ बंद. ती दाबून परत बसवायला जाऊ नका. आजूबाजूच्याही सुटलेल्या असतात आणि एक काढताना तिघी येतात. अनुभवी मिस्त्री खालून आधार देऊन वरून काढत येतो.

आणि कोपऱ्यातला फरक नुसता दिसण्याचा असेल, टाइल्स भरीव वाजत असतील, पाणी मुरत नसेल, तर तोडू नका. सातव्या रांगेतल्या सहा एमएमसाठी चांगली धरलेली भिंत उतरवताना मागचा गिलावाही येतो. मिरजेच्या त्या बंगल्यात मी शेवटी हायलायटरच्या फक्त तीन टाइल्स बदलल्या आणि कोपऱ्यात टॉवेलचा उभा स्टँड लावून दिला.